हिरवेगार पाहून भुलू नका, लोंब्या मोजा!

आषाढी एकादशी असो की महाशिवरात्र, आपल्या करडी-पालोरा भागात घरोघरी साबुदाण्याची उसळ शिजते. पण हा साबुदाणा कशापासून होतो, असे विचारले तर बरेच जण एकमेकांकडे पाहतात. कोणी म्हणते कारखान्यात होतो, कोणी म्हणते झाडाला लागतो. खरे असे की साबुदाणा एका कंदापासून होतो. त्या पिकाचे नाव कसावा. टॅपिओका म्हणूनही ते ओळखले जाते. तामिळनाडूतल्या सेलम, नामक्कल, धर्मपुरी या भागात त्याची मोठी लागवड आहे. सेलमला साबुदाणा आणि स्टार्च कारखानदारांची सहकारी संस्था १९८१ पासून आहे. केरळात तर हा कंद उकडून जेवणातच खातात.

तुम्ही म्हणाल, आमचा जिल्हा धानाचा, आम्हाला या कसाव्याचे काय? बरोबर आहे. कसावा लावा असे मी सांगत नाही. पण या पिकाकडून एक धडा घेण्यासारखा आहे आणि तो धडा आपल्या बांधीत, आपल्या बियाण्याच्या पिशवीत आणि शेवटी आपल्या खिशात येऊन पोचतो. म्हणून हा प्रपंच.

जमिनीखाली काय दडले आहे?

कसाव्याचे सगळे उत्पन्न जमिनीखाली. वर दिसतो तो दांडा, फांद्या आणि पाने. पीक नऊ-दहा महिने शेतात उभे राहते आणि उपटेपर्यंत कंद किती पोसले ते कळत नाही. मग शेतकरी काय पाहणार? झाड उंच आहे का, पाने दाट आहेत का, फांद्या किती फुटल्या, हेच. वर जोर तर खाली जोर, असा साधा हिशेब. पुढच्या सालची लागवडही याच झाडांच्या दांड्याचे तुकडे करून करायची. म्हणजे झाड निवडण्यात चूक झाली की ती चूक पुढच्या वर्षीही शेतात उभी राहते.

शास्त्रज्ञांपुढेही हाच प्रश्न होता. केरळात तिरुअनंतपुरमजवळ श्रीकार्यम येथे केंद्रीय कंद पिके संशोधन संस्था १९६३ मध्ये सुरू झाली. दक्षिण अमेरिकेत कोलंबियातल्या आंतरराष्ट्रीय केंद्रातही कसाव्यावर मोठे काम झाले. झाडाचा कोणता गुण कंदाच्या वजनाशी खरोखर जोडलेला आहे, हे त्यांनी झाडामागून झाड मोजून तपासले. उंची मोजली, फांद्या मोजल्या, पाने मोजली, मग झाड उपटून कंदांची संख्या, लांबी, जाडी आणि वजन घेतले.

निष्कर्ष काय निघाला? उंचीचा भरवसा धरता येत नाही. कधी उंच झाडाखाली भरपूर कंद निघतात, कधी नुसताच दांडा. भरवशाचे गुण तीन. झाडामागे पोसलेले कंद किती, एकेक कंद किती जाड व वजनदार, आणि झाडाच्या एकूण वजनात कंदाचा वाटा किती. या तिसऱ्या गुणाला शास्त्रज्ञ कापणी निर्देशांक म्हणतात. सोप्या भाषेत सांगायचे तर झाडाने कमावले किती आणि त्यातले आपल्या पदरात टाकले किती, याचा हा हिशेब. चांगल्या कसाव्यात एकूण वजनाच्या निम्मे किंवा त्याहून जास्त वजन कंदाचे असते.

पानांबद्दलचा निष्कर्ष तर फार बोलका आहे. पाने कमी असली तर अन्न कमी तयार होते, हे कोणालाही कळते. पण पाने फाजील झाली तरी कंद घटतो. वरची पाने खालच्यांवर सावली धरतात, खालची पिवळी पडून गळतात आणि झाड आपली कमाई पुन्हा नवी पाने, नव्या फांद्या करण्यात उडवते. कोलंबियातल्या शास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये आदर्श कसाव्याचा आराखडा मांडला. त्यात फांद्या उशिरा फुटणारे, पाने बेताची पण दीर्घकाळ टिकणारी असे झाड त्यांनी सांगितले. नत्राचा मारा केला की कसावा वर माजतो आणि खाली रोडावतो, हेही अनुभवाचेच आहे. रताळ्याच्या वेलाचे तसेच. वेल जागोजागी मुळ्या धरू लागला की मुख्य कंद पोसत नाही, म्हणून तर जुने लोक वेल उचलून उलटवतात.

आता आपल्या बांधीत या

कसाव्याचे उत्पन्न जमिनीखाली, म्हणून तिथल्या शेतकऱ्याची फसगत होणे समजू शकते. धान तर आपल्या डोळ्यासमोर असते. तरी आपली फसगत का व्हावी? भाद्रपदात धुऱ्यावरून जाणारा येणारा म्हणतो, ‘यंदा धान मस्त आहे जी!’ काय पाहून म्हणतो? हिरवा रंग आणि उंची पाहून. आपणही खूष होतो आणि शेजाऱ्याच्या बांधीपेक्षा रंग जरा फिका दिसला की युरियाची आणखी एक गोणी फेकतो. मग धान माजतो, लोळतो. दाटीत तुडतुडे बसतात, कडा करपा येतो. चुरणा झाल्यावर तणसाचा ढीग मोठा आणि धानाची पोती कमी. तेव्हा मग दोष नशिबाला.

धानाचे उत्पन्न चार गोष्टींनी बनते, पाचवी नाही. एक, चौरस मीटरमध्ये चुडी किती. दोन, एका चुडीला लोंब्या धरणारे फुटवे किती. तीन, एका लोंबीत भरलेले दाणे किती. चार, हजार दाण्यांचे वजन किती. हा गुणाकार एकदा तरी घरातल्या शाळकरी पोराकडून करून घ्या.

समजा रोवणी २० बाय १५ सेंटिमीटरवर झाली. चौरस मीटरमध्ये ३३ चुडी बसतात. चुडीमागे नऊ लोंब्या धरल्या तर सुमारे ३०० लोंब्या. लोंबीत १०० भरलेले दाणे आणि हजार दाण्यांचे वजन २० ग्रॅम धरले तर चौरस मीटरला ६०० ग्रॅम धान झाले. एकराला सुमारे २४ क्विंटल.

आता गुत्त्याने रोवणी दिली, घाई झाली आणि चुडी ३३ च्या जागी २५ पडल्या. बाकी सगळे तेच. हिशेब येतो १८ क्विंटलच्या आसपास. मोकळी जागा मिळाली की फुटवे थोडे वाढतात हे खरे, पण सगळी तूट त्यातून भरून निघेलच असे नाही. खत तेच, पाणी तेच, मजुरी तीच आणि काही पोती मात्र रोवणीच्याच दिवशी गेली. रोवणी करणाऱ्या बायांचा यात दोष नाही. एकराच्या हिशेबाने पैसे देऊन आपणच त्यांना घाई करायला लावतो.

बारीक धानाचे पाहा. त्याच्या हजार दाण्यांचे वजन १५ ग्रॅम धरले तर ३०० लोंब्या आणि १०० दाणे असूनही १८ क्विंटलच हाती येतात. म्हणजे बारीक धानाला ठोकळ धानाची बरोबरी करायची तर लोंबीत दाणे जास्त हवेत. भाव जास्त मिळतो म्हणून आपण बारीक धान लावतो, ते चुकीचे नाही. पण लोंबीतले दाणे न मोजता केवळ भावाकडे पाहिले तर हिशेब जमत नाही.

फुटवे मोजतानाही जपून. गादमाशी लागलेला फुटवा पोंगा होऊन राहतो, त्याला लोंबी येत नाही. खोडकिड्याने खाल्लेली लोंबी पांढरी आणि पोचट निघते. म्हणून ‘एका चुडीला पंचवीस फुटवे’ असे कोणी छातीठोक सांगितले तर विचारा, त्यातल्या लोंब्या किती? आणि लोंब्यांतले भरलेले दाणे किती?

संबंध वेगळा, कारण वेगळे

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. दोन गुण एकत्र दिसले म्हणजे एकामुळे दुसरा झाला असे होत नाही. कसाव्याचे जाड, सकस दांड्याचे तुकडे चांगल्या मातीत लावले तर झाडही उंच होते आणि कंदही मोठा होतो. पाहणारा म्हणतो, उंचीमुळे कंद मोठा झाला. खरे कारण माती आणि सकस बेणे. शास्त्रज्ञ प्रत्येक गुणाचा स्वतःचा परिणाम किती आणि दुसऱ्याच्या आधाराने झालेला परिणाम किती, हे वेगवेगळे काढतात ते यासाठीच.

आपल्याकडे याचे उदाहरण धुऱ्याला लागूनच आहे. धुऱ्याजवळच्या चुडी नेहमी भारदस्त दिसतात. त्यांना एका बाजूने मोकळा उजेड मिळतो, शेजारी गर्दी नसते. शेणखताचा ढीग जिथे पडला होता तिथली जागाही तशीच. आपण बियाण्यासाठी लोंब्या निवडायच्या म्हणतो आणि सोयीचे म्हणून धुऱ्यावर उभे राहून हात लांब करतो. ती लोंबी जागेमुळे मोठी झालेली असते, तिच्या अंगचा गुण असेलच असे नाही. जागेचा गुण बियाण्यात उतरत नाही. पुढच्या वर्षी मग आपण म्हणतो, निवडून लावले तरी फरक पडला नाही.

यावर उपाय सोपा आहे. कापणीच्या आधी बांधीचे मनातल्या मनात लहान लहान चौकोन पाडा. धुऱ्याकडच्या ओळी सोडा, चुडी मेल्याने मोकळी पडलेली जागा सोडा, खताच्या ढिगाची जागा सोडा. प्रत्येक चौकोनातल्या चुडींची तुलना त्याच चौकोनातल्या चुडींशी करा आणि दोन-तीन उत्तम चुडी घ्या. त्यांना जमीन, पाणी, ऊन सारखेच मिळालेले असते. म्हणजे त्यांतला फरक अंगच्या गुणाचा असण्याची शक्यता जास्त. धान स्वतःच्याच परागाने फळणारे पीक आहे, म्हणून निवडलेल्या सरळ वाणाचे बियाणे बहुतेक शुद्ध राहते. संकरित धानाचे बियाणे मात्र पुन्हा वापरू नका, पुढच्या पिढीत ते फाकते. पेरणीपूर्वी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बियाणे टाका. तरंगणारे पोचट काढून फेका, बुडालेले दोन-तीनदा साध्या पाण्याने धुवून सावलीत सुकवा. यात महाग असे काहीच नाही.

उंच धान लावणारा अडाणी नव्हे

एक आक्षेप इथे येईल आणि तो खरा आहे. धानाच्या जुन्या उंच वाणांत एकूण वजनात दाण्याचा वाटा तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असायचा. १९६६ मध्ये फिलिपाइन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने आयआर-८ हा बुटका वाण दिला, १९६८ मध्ये आपल्या देशात जया आला. या बुटक्या वाणांनी दाण्याचा वाटा जवळजवळ निम्म्यावर नेला. उत्पन्न वाढले ते मुख्यतः यामुळे आणि खत सोसून न लोळण्याच्या गुणामुळे.

पण ज्याच्या गोठ्यात बैलजोडी आणि दोन म्हशी आहेत, त्याला तणसही उत्पन्नच आहे. ज्याची बांधी खोलगट आहे, पावसाळ्यात महिना महिना पाणी साचते, तिथे बुटके धान बुडते. चिन्नोरसारखे सुवासिक धान उंच आहे, लोळते, तरी त्याच्या वासासाठी लोक ते राखतात. तेव्हा बुटके तेवढे चांगले असा सरसकट नियम करू नये. माझे म्हणणे एवढेच की निवड जाणून करावी. तणस हवे असेल तर तणसासाठी उंच वाण लावा, पण उंची पाहून धान जास्त होईल या भ्रमात राहू नका.

आणखी एक. गुण एकमेकांना ओढतात. कसाव्यात कंदांची संख्या फार वाढली की प्रत्येक कंद लहान राहतो. धानात फुटवे फार झाले की लोंब्या लहान होतात, लोंबी फार लांब झाली की शेवटचे दाणे भरत नाहीत. म्हणून एकाच गुणाच्या मागे धावणे धोक्याचे. दुकानात पिशवीवर हातभर लोंबीचे चित्र असते. लोंबी हातभर असून तिच्यात भरलेले दाणे किती, हे चित्रातून दिसत नाही.

शेजारच्या जिल्ह्याचा दाखला

मोजदाद करणे हे शिकलेल्या लोकांचे काम, असे कोणी म्हणेल तर त्याला चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातील नांदेड या गावाचे नाव सांगा. तिथले दादाजी खोब्रागडे हे अल्पभूधारक शेतकरी. शाळा फारशी झालेली नाही. १९८३ मध्ये पटेल-३ या धानात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, वेगळ्या लावल्या, पुन्हा निवडल्या, असे वर्षामागून वर्ष केले. त्यातून जो बारीक, चवदार तांदूळ निघाला त्याला त्या काळी गाजत असलेल्या घड्याळाच्या नावावरून एचएमटी हे नाव पडले. पुढे डीआरके, विजय नांदेड, नांदेड हिरा, दीपक रत्न असे आणखी वाण त्यांच्या हातून झाले. २००५ मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने त्यांचा गौरव केला. २०१८ मध्ये ते वारले.

१९९८ मध्ये पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने पीकेव्ही-एचएमटी हा वाण प्रसारित केला आणि मूळ श्रेय कोणाचे, हा वाद मागे राहिला. एचएमटीचा भात राज्यात आणि राज्याबाहेर लोकांनी खाल्ला, पण ज्याने लोंबी ओळखली त्याच्या घरची गरिबी हटली नाही. ही गोष्ट आपण विसरता कामा नये. त्यांची नोंद वेळेवर झाली असती, तर हा वाद उरला नसता.

सरपंच, ग्रामसेवक, कृषी सहायकांसाठी

आता नोंदीसाठी कायदा आहे. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा २००१ चा आहे. त्याप्रमाणे शेतकऱ्याला आपले बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा आणि विकण्याचा हक्क आहे. फक्त संरक्षित वाणाचे बियाणे छापील नाव लावून विकता येत नाही. शेतकऱ्याने जपलेल्या किंवा तयार केलेल्या वाणाची नोंदणीही करता येते आणि त्यासाठी शेतकऱ्याला शुल्क नाही. अर्जावर गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीची शिफारस चालते. २००२ च्या जैवविविधता कायद्याने ही समिती स्थापन करणे स्थानिक संस्थेला बंधनकारक केले आहे. आपल्या भागातल्या किती गावांत ही समिती कागदाबाहेर काम करते, हे सरपंचांनी स्वतःलाच विचारावे.

दुसरी सूचना पीक कापणी प्रयोगाची. दरवर्षी ठरलेल्या तुकड्यात धान कापून वजन घेतले जाते, त्यावर विम्याचा हिशेब होतो. हा तुकडा कापण्याआधी त्यातल्या चौरस मीटरभर जागेतल्या चुडी आणि लोंब्या मोजल्या, दहा लोंब्यांचे भरलेले आणि पोचट दाणे वेगळे केले, तर अर्धा तास जास्त लागेल. पण उत्पन्न का घटले, चुडी कमी पडल्या म्हणून, गादमाशीमुळे की दाणा भरला नाही म्हणून, हे गावाला कळेल. नुसते वजन कळले तर पुढच्या वर्षी काय सुधारायचे ते कळत नाही. हे आकडे ग्रामसभेत वाचून दाखवावेत, फळ्यावर लिहावेत.

तिसरी गोष्ट प्रात्यक्षिकाच्या प्लॉटची. कोणी कंपनी, कोणी विक्रेता गावात प्लॉट दाखवतो, मंडप टाकतो, चहा पाजतो. चहा जरूर घ्या. पण बांबूच्या चार काड्या बांधून चौरस मीटरचा चौकोन करून सोबत न्या आणि प्लॉटच्या मधोमध टाका, धुऱ्याला नव्हे. मग चार प्रश्न विचारा. चुडी किती? लोंब्या किती? भरलेले दाणे किती? दाणा आणि तणस यांचे वजन वेगवेगळे किती? साकोली किंवा सिंदेवाहीच्या संशोधन केंद्राच्या वाणालाही हेच चार प्रश्न लावा. चांगल्या वाणाला मोजणीची भीती नसते.

दोन एकरांचा शेतकरी वर्षातून एकदा बियाणे निवडतो आणि ती निवड चुकली तर पुढचा आषाढ येईपर्यंत त्याला ती दुरुस्त करता येत नाही. कसाव्याच्या शेतकऱ्याला कंद पाहायला झाड उपटावे लागते. आपल्याला नुसते वाकून मोजायचे आहे. यंदा कापणीच्या आठ दिवस आधी बांधीत उतरा, घरच्या बाईला आणि पोरांना सोबत घ्या, एक चौकोन मोजा आणि आकडा वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी दुकानदारासमोर बोलायला तोच आकडा उपयोगी पडेल.